नानांनी अडवलेलं कॅनडाचं विमान

आमच्या शेजारचे मयेकर नाना मालिका उभ्याने बघतात. घरात सोफा आहे, आरामखुर्ची आहे. पण संध्याकाळी शीर्षकगीत वाजलं की नाना हात पाठीमागे बांधून टीव्हीसमोर ताठ उभे राहतात. सगळी नोकरी पोफळीच्या वीजघरात, कंट्रोल रूमच्या पॅनलसमोर काढलेली. कुठला काटा हलतोय यावर नजर ठेवायची सवय निवृत्त होऊन रत्नागिरीत आल्यावरही गेली नाही. आता काट्यांच्या जागी सासवा-सुना आल्या, एवढंच.

माझं दुर्दैव असं, की ज्या मालिकेवर ते पहारा देतात तिचे संवाद मीच लिहिते. घरी बसून लिहायचे आणि मुंबईला पाठवायचे. त्यामुळे भाग संपला रे संपला की नाना आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्याशी येऊन हाक मारतात, "बाय, आज लोड नव्हता गो!" म्हणजे प्रसंग पोकळ होता. "मधेच ट्रिप मारलीस!" म्हणजे ऐन रंगात जाहिरात आली. आणि नायिका रडायला लागली की त्यांच्या खिडकीतूनच ऐकू येतं, "ओव्हरलोड! ओव्हरलोड!"

गेल्या वर्षी आमच्या मालिकेत नायकाचा धाकटा भाऊ ओंकार प्रेमात पडला. सुहास नावाच्या मुलाच्या. आम्ही लेखक मंडळी काय खूश होतो! आणि चॅनलवाले काय घाबरले होते! कथा त्यांनीच मान्य केली, आणि मग रोज एकेक सूचना यायला लागली. दोघांनी हात धरायचा नाही. 'प्रेम' म्हणायचं नाही, 'मैत्री' म्हणा. एका सोफ्यावर बसवलंत तर मध्ये उशी ठेवा.

मला वाटलं, नाना आता मालिका बघणं बंद करतील. दुसऱ्याच दिवशी गडग्यावर हजर.

"काय गो, ती पोरं एस.टी. स्टँडावरच्या बाकावर बसल्यासारखी दोन टोकांना का बसतात? मधे उशी कोणासाठी? तिसरा पॅसेंजर येणाराय?"

"चॅनलचं म्हणणं आहे नाना, की प्रेक्षकांना जड जाईल."

"प्रेक्षक म्हणजे मीच ना? मला नाय जड जात!"

हे सगळं रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात. कोळीण मासे द्यायला आली होती, तिनेही टोपली खाली ठेवून विचारलं, "ताई, त्या सुहासला खोकला का देताव? आजारी पाडून मारणार काय त्याला?" खोकला त्या नटाला खरंच झाला होता. पण त्या दिवसापासून आमच्या आळीत सुहासच्या तब्येतीची चौकशी सुरू झाली.

मग चॅनलबरोबरच्या ऑनलाइन बैठकीत ठरलं, की सुहासला कॅनडाला पाठवायचं. मालिकेत कॅनडा म्हणजे सभ्य मरण. कोणाला मारायचं धाडस नसलं की त्याला तिकडे नोकरी लागते. मी नानांजवळ बोलून गेले, आणि नाना उसळलेच.

"आमच्याकडचे मुंबईला जातात ते निदान गणपतीला परत येतात. तुमचे कॅनडावाले कधी परत आलेले बघितलेस? नाय पाठवायचा!"

"मी फक्त संवाद लिहिते नाना."

"मग त्याला बोलायला लाव, की मी जात नाय!"

सुहास जाण्याआधी एक मोठा प्रसंग होता. ओंकार वडिलांना खरं सांगतो आणि वडील छाती धरून कोसळतात. मी तो नानांना वाचून दाखवला. खरं तर शाबासकी हवी होती, कारण रडवायची मला बरी सवय आहे. नाना ऐकताना लालबुंद झाले.

"सून नोकरी करते, छातीत कळ. मुलगी पळाली, छातीत कळ. आणि आता हा! बापाला दुसरं काय येत नाय काय? असं कळलं म्हणून कोणी मरत नाय गो. मला कुठे काय झालं?"

बोलून गेले आणि चष्मा काढून पुसायला लागले. मागे त्यांच्या घरात जाहिराती चालू होत्या.

"प्रसाद?" मी हळूच विचारलं. प्रसाद त्यांचा एकुलता मुलगा, पुण्यात असतो. आई गेल्यापासून सणाला एकटाच येतो आणि दोन दिवसांत परततो.

"तो नि अमोल एकत्र राहतात. रूम पार्टनर म्हणून सांगतो. मला कळत नाय काय? पण तो बोलत नाय, मी विचारत नाय." नाना चष्मा पुसत राहिले. "म्हटलं, तुम्ही लिहिणारी माणसं. तुमच्या मालिकेतला बाप काहीतरी बरं वाक्य बोलेल. मग तेच मी बोलीन."

"तुम्ही असता तर काय बोलला असता?"

त्यांनी खूप प्रयत्न केला. "म्हणजे... त्याला म्हणायचं..." पुढे सरकेना. शेवटी चिडून म्हणाले, "मी आपला विचारीन, त्याला मासे चालतात काय? आपल्याकडे घरात माणूस घ्यायचा म्हणजे दुसरं काय विचारतात?"

मी धावत आत गेले आणि प्रसंग पुन्हा लिहिला. ओंकार सगळं सांगतो, आणि वडील तेवढंच विचारतात, त्याला मासे चालतात काय. ना पार्श्वसंगीत, ना छातीत कळ. बैठकीत आधी सगळे हसले. मग चॅनलच्या बाई डोळे टिपत म्हणाल्या, "राहू दे हे." कॅनडाचं विमान सध्यापुरतं तरी रद्द झालं.

तो भाग लागला त्या संध्याकाळी मी गडग्याशी आधीच जाऊन उभी होते. नानांच्या खिडकीतून चकार शब्द नाही. भाग संपला, तरी नाना बाहेर येईनात. फोन वाजलेला ऐकू आला. बऱ्याच वेळाने नाना पायात चप्पल न घालताच धावत बाहेर आले.

"बाय! प्रसादचा फोन! त्यानेपण बघितलं!"

"काय म्हणाला?"

नानांना धाप लागली होती. "म्हणाला, 'बाबा, अमोल मासे खात नाही. शाकाहारी आहे.'"

मग नानांची एकदम धांदल उडाली. "आता काय घालू गो त्याला जेवायला? बिरडं चालेल ना? वाल भिजत घातले पाहिजेत, मोड यायला वेळ लागतो!"

"पण येणार कधी आहेत?"

"ते विचारायचं राहिलंच," नाना म्हणाले, आणि वाल काढायला आत पळाले.