नंदनचे साक्षीदार

जो खून झालेलाच नाही, त्याच्या वेळी आपण कुठे होतो हे सिद्ध करायची तयारी आमचा शेजारी नंदन भावे रोज करतो.

हे सगळं इटालियन डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांमुळे. इंग्रजी भाषांतरं आणून वाचतो आणि मिलान-तुरिनबद्दल असा बोलतो की जणू सदाशिव पेठेच्या पुढच्याच चौकात आहेत. गेलेला मात्र नाही; राहतो आमच्यासारखाच परदेशातल्या पेंडल हिल नावाच्या उपनगरात. त्याच्या मते त्या गोष्टींत खून निमित्तमात्र, खरी गोष्ट शहराची.

"तिकडे माणूस मरायच्या आधी दहा जणांनी पाहिलेला असतो गं. कॉफीवाला, ट्रामवाला, जिन्याखालची म्हातारी. आणि आपलं पेंडल हिल? गॅरेजचं दार वर, गाडी आत, दार खाली. तपास बंद."

म्हणून तो स्वतःच साक्षीदार जमवत हिंडतो. काम घरूनच, कॉम्प्युटरसमोर. त्यामुळे संध्याकाळी बाहेर पडलाच पाहिजे. कॅफेत काउंटरशी उभ्यानेच कॉफी पितो. पोऱ्या म्हणतो, "यू कॅन सिट, मेट." हा म्हणतो, "नो वरीज, उभा माणूस लक्षात राहतो." स्टेशनजवळच्या दुकानात रोज एकच कोथिंबिरीची जुडी घेतो आणि काउंटरवरच्या गुजराती बेनना गंभीरपणे विचारतो, "आज धनिया थोडा उदास है क्या?" एकट्या माणसाला रोज जुडी कशाला लागते, हे विचारायची सोय नाही. माझा नवरा त्याला चक्रम म्हणतो. मीही म्हणते, पण प्रेमाने.

मागच्या हिवाळ्यात तो तापाने आडवा झाला. मला कळलं तेव्हा खिचडी घेऊन गेले. रजईतून नाक तेवढं बाहेर होतं.

"इतके दिवस पडून आहे," तो म्हणाला, "फोन आला तो फक्त ऑफिसचा. मी मेलो असतो तर तपास कुठून सुरू केला असता त्यांनी?"

हे तो गमतीत म्हणत नव्हता.

"अरे, आत्ताच दुकानात गेले होते. त्या बेन विचारत होत्या तुझ्याबद्दल."

तो उठून बसला. "काय म्हणाल्या? शब्दन्‌शब्द सांग."

"म्हणाल्या, वो धनियावाले भैया दिखे नहीं, तबियत तो ठीक है ना? दो दिन से दरवाजे की तरफ देख रही हूँ."

"दाराकडे बघत होत्या?"

"हो."

"परत सांग."

मी परत सांगितलं. त्याने चष्मा काढून रजईला पुसला, मग नुसताच हातात धरून बसला. खिचडी गरमच होती, तरी ती गरम करायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ तिथेच थांबले.