रंगराव हवालदारांचा बॅक

रंगराव हवालदार नव्या माणसाच्या तोंडाकडे आधी कधीच बघत नसत. आधी पाय बघत. कुणाशी ओळख करून दिली की त्यांची मान खाली जायची. समोरच्याला वाटायचं, काय विनयशील गृहस्थ आहे! मग ती नजर पावलांवरून घोट्यांवर, घोट्यांवरून पोटऱ्यांवर अशी सावकाश वर चढायची आणि तोंडापर्यंत येईतो निकाल लागलेला असायचा. ‘लेफ्ट हाफ.’ ‘सेंटर फॉरवर्ड, पन दम न्हाई.’ आमच्या मामलेदारसाहेबांना त्यांनी ‘लेफ्ट आउट’ ठरवलं होतं, कारण साहेबांकडे कुठलंही प्रकरण आलं की ते लाइनीबाहेर जायचं. मला त्यांनी एका नजरेत गोलकीपर केलं. माझ्या देहाचा घेर पाहता मी तक्रार केली नाही.

हे सगळं हॉकीचं. हवालदार बारा वर्षं पलटणीच्या टीमचे फुलबॅक होते. पेन्शन घेऊन साताऱ्याला आले तेव्हा सोबत एक ट्रंक आणि दोन स्टिका, बस्स. बायको ते नोकरीत असतानाच गेली होती, मूलबाळ नव्हतं. आमच्या चाळीच्या टोकाला दोन खोल्यांत ते एकटे राहत. मी कचेरीत कारकून, म्हणून मला ‘भाऊसाहेब’ म्हणत. किल्ल्याच्या पायथ्याशी एक मैदान होतं. त्यावर दिवसभर म्हशी असत आणि संध्याकाळी आम्ही.

माझं लग्न ठरलं तेही हवालदारांच्या निकालावर. लोणंदला मुलगी बघायला निघालो, वडीलधारं कुणीतरी हवं म्हणून यांना बरोबर घेतलं. पोहे झाले, प्रश्न झाले. मग त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलीच्या मामांनी तिला चालून दाखवायला सांगितलं. ती बिचारी दारापर्यंत गेली, वळली, वाटेतल्या पाटाला बगल देऊन परत आली. हवालदार एकदम ओरडले, “राइट-इन हाय! भाऊसाहेब, डोळं झाकून घ्या!” मुलीच्या वडिलांना तो पत्रिकेतला काहीतरी योग वाटला. “चांगला असतो का हो तो?” त्यांनी घाबरत विचारलं. “लाखात एक!” हवालदार म्हणाले. माझी बायको अजून भांडणात मला सुनावते, “मी राइट-इन आहे, गोलात उभ्या राहणाऱ्यानं मला शिकवू नये.”

हवालदारांचं एक पालुपद होतं. “कच्चा हाय गड्या. एक पावसाळा जाऊ द्या.” हे खेळाडूला, आंब्याला, नव्या एस.टी. स्टँडच्या इमारतीला, सगळ्यांना लागू होतं. एकदा कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाचा घोट घेऊन त्यांनी हेच सुनावलं. चहाला एक पावसाळा कशाला लागतो हे हॉटेलवाल्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि बॅक हा विषय निघाला की मग विचारू नका. टेबलावरचे ग्लास इकडचे तिकडे व्हायचे. “फॉरवर्ड काय, पळतुया म्हणून फॉरवर्ड. बॅक पळत न्हाई भाऊसाहेब. समद्यास्नी फुडं धाडून जो मागं एकला हुबा ऱ्हातो, त्यो बॅक.” असा बॅक त्यांना साताऱ्यात आठ वर्षांत मिळाला नव्हता. त्याची त्यांना फार ओढ होती. रस्त्यानं जाताना ते लोकांच्या पायांकडे बघत चालायचे, ते उगीच नाही.

मग बाबगोंडा आला. बाबगोंडा पाटील, सांगलीकडचा, कृष्णाकाठच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा. वय वीस. वेल्डिंग शिकायला साताऱ्यात आला होता आणि बोर्डिंगात राहत होता. हॉटेलात बाकड्यावर बसलेले त्याचे पाय टेबलाखालून पलीकडे आलेले होते. हवालदारांनी चहा तसाच ठेवला. “ऊठ रं,” ते म्हणाले. तो उठला. उठतच राहिला. दाराच्या चौकटीला डोकं लागेल असा पोरगा, हात खोऱ्यासारखे, आणि चेहऱ्यावर इतका बुजरा भाव की जणू उंच झाल्याबद्दल माफीच मागतोय. “हॉकी खेळलास कवा?” “न्हाई साहेब.” “बरं झालं. कुनी बिगडवला न्हाई.”

दुसऱ्या दिवशी त्याच्या पहिल्या फटक्यानं चेंडू मैदान, रस्ता आणि एका वकिलाचं कुंपण ओलांडून गेला. हवालदारांनी टोपी काढली, पुन्हा घातली. आनंदानं त्यांना काय करावं ते कळत नव्हतं.

पण एक घोटाळा होता. चेंडू अंगावर आला की बाबगोंडा स्टिक विसरायचा आणि पाय आडवा घालायचा. हॉकीत बॅकनं चेंडूला पाय लावला की गुन्हा, आणि गोलासमोर लावला की समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर. म्हणजे आपले बॅक गोलाच्या रेषेवर, समोर त्यांचा सगळ्यात दांडगा गडी, आणि त्याच्या फटक्यासमोर मी. पहिल्या महिन्यात माझ्या नडग्या वांग्याच्या रंगाच्या झाल्या. बायको रोज हळद लावायची आणि बाबगोंडाच्या सात पिढ्यांची चौकशी करायची.

शेवटी मीच त्याला विचारलं, बाबा रे, पाय का घालतोस? तो खाली बघत म्हणाला, “उसात दारं धरताना तसंच करतुया न्हवं.” मग उलगडा झाला. उसाला पाणी देताना मधेच सरीचा बांध फुटतो. तेव्हा विचार करायला वेळ नसतो. आधी पाय घालून पाणी अडवायचं, मग खोऱ्यानं माती ओढायची. पोरगा दहाव्या वर्षापासून हे करत आला होता. त्याच्या लेखी चेंडू म्हणजे फुटलेलं पाणी.

यावरून हॉटेलात खडाजंगी सुरू झाली. एका बाजूला हवालदार, दुसऱ्या बाजूला शाळेत ड्रिल शिकवणारे माने मास्तर. मधे मी, नडग्या चोळत. दरवर्षी दिवाळीनंतर पलटणीचे सुभेदार सुट्टीवर आले की आमच्या मैदानावर कराडच्या टीमशी सामना लावायचे आणि त्यातून एखादा मुलगा पलटणीच्या टीमसाठी उचलायचे. निवड झाली की भरती, म्हणजे आयुष्याची भाकरी. बाबगोंडाला चार भाऊ आणि दोन एकर. त्याला पलटण हवी होती. तो बोलायचा नाही, पण सुभेदारांचा विषय निघाला की त्याचा घास हातातच राहायचा.

“हवालदार, हा नुसता खुंटा आहे,” मास्तर म्हणायचे. “पाय घालणं ही दहा वर्षांची सवय आहे. ती काय जाणार? याला गोळाफेकीला द्या.”

“खुट्टाच पायजे! मास्तर, तुमाला हालनारं लय आवडतंय. ह्यो हालत न्हाई. ह्यो जन्मलाय बॅक.”

“मग पायाचं काय करणार?”

“बगाच तुमी.”

आठवड्यानं हवालदारांनी पुण्याहून मागवलेले कॅनव्हासचे पांढरे बूट बाबगोंडाच्या पायांत घातले. त्याच्या मापाचे बूट साताऱ्यात मिळत नव्हते. त्या पोराच्या पायांत नवे बूट पहिल्यांदाच आले होते. रोज खेळ संपला की हवालदार ते बूट घरी न्यायचे, धुवायचे, खडू लावायचे आणि दुसऱ्या दिवशी दुधासारखे पांढरे करून आणायचे. चेंडूचा लाल मातीचा डाग दिसला की एक शब्द बोलायचे नाहीत, फक्त सगळ्यांदेखत तिथंच बसून धोतराच्या सोग्यानं तो पुसायचे. बाबगोंडा मेल्याहून मेल्यासारखा व्हायचा. दोन महिन्यांत चेंडू आला की पाय मागे आणि स्टिक पुढे. मी उपचार पुष्कळ पाहिलेत, असा पाहिला नाही.

दिवाळी झाली, सुभेदार आले, सामना झाला. बाबगोंडा भिंत झाला होता. कराडला त्याच्यामुळे एकही पेनल्टी कॉर्नर मिळाला नाही. माझ्या नडग्या पहिल्यांदाच जशा नेल्या तशा परत आल्या. सुभेदारांनी डायरी उघडली आणि रिवाजाप्रमाणे हवालदारांकडे पाहिलं. दोघे जुने सोबती. हवालदारांच्या शब्दावर सुभेदार डोळे झाकून मुलगा उचलत.

हवालदार मैदानाकडे बघत म्हणाले, “कच्चा हाय. पाय जातुया अजून. एक पावसाळा जाऊ द्या.”

सुभेदारांनी डायरी मिटली. बाबगोंडा शेजारीच उभा होता. त्यानं आपल्या बुटांकडे पाहिलं, मग हवालदारांकडे, आणि खाली मान घालून तो जाळी गुंडाळायला गेला.

मी संतापलो होतो. हॉटेलात आता वादाच्या बाजू बदलल्या. मास्तर म्हणत, पोरगा तयार होता. हवालदार म्हणत, “तुमास्नी काय कळतंय, आतनं कच्चा हाय.” मी त्यांच्याशी महिनाभर बोललो नाही. मला खरंच राग आला होता. एवढा शोधून काढलेला बॅक, आणि त्याच्याच वाटेत हा माणूस आडवा पडतो!

पुढच्या वर्षभरात बाबगोंडा जास्तच मन लावून खेळला, पण पाहणाऱ्याला कळत होतं की पोरगा आता चेंडूकडे कमी आणि स्वतःच्या पायाकडे जास्त बघतोय. हवालदारसाहेब म्हणाले पाय जातो, म्हणजे जातच असणार, असा त्याचा हिशेब.

सुभेदार पुन्हा आले. ही शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी बाबगोंडा भरतीच्या वयात बसत नव्हता. सामना सुरू झाला आणि पहिल्या अर्ध्यातच त्याचा पाय तीनदा आडवा गेला. तीन पेनल्टी कॉर्नर. त्यातून दोन गोल माझ्या अंगावरून गेले, पण मला ते लागलेसुद्धा नाहीत. पोराचा चेहरा बघवत नव्हता.

मध्यंतरात सुभेदार हवालदारांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “रंगा, तुझी नजर बाकी पक्की. गेल्या सालीच तू बोलला होतास. न्हाई सुटत त्याचा पाय.”

हवालदारांनी तो हात खाली काढला. सावधान उभे राहिले. “साब, गेल्या साली मी खोटं बोललो.”

मास्तर, मी, कराडची पोरं, सगळे तिथंच पाणी पीत होतो. बाबगोंडाही होता.

“पाय तवाच सुटला हुता. पोरगं तयार हुतं. माझ्यानं सोडवलं न्हाई साब. रोज सांजच्याला येत हुतं घराकडं. ते गेलं तर…” त्यांची नजर बाबगोंडाच्या बुटांवर गेली. मग म्हणाले, “मी बोललो म्हनून त्येच्या मनात पाय भरला. चूक माजी हाय.”

“पोराचं एक साल खाल्लंस रंगा,” सुभेदार म्हणाले. “फुडल्या सालापासनं तुला काय इचारायचं न्हाई.” हवालदारांनी कडक सलाम ठोकला. पलटणीतल्या माणसाला दुसरं काही करता येत नाही. सुभेदार वळून गेले तरी तो हात खाली आला नाही. माझा वर्षभराचा राग तिथंच विरघळून गेला.

दुसऱ्या अर्ध्यात बाबगोंडानं पायाकडे पाहिलंच नाही. कराडच्या फॉरवर्डांना त्याच्या पलीकडे काय आहे हे शिट्टी वाजेपर्यंत कळलं नाही. सुभेदारांनी डायरीत नाव लिहिलं, कुणालाही न विचारता.

महिन्यानं दुपारच्या एस.टी.नं तो गेला. मी कचेरीतून तासभर सुटून स्टँडवर गेलो, हवालदार आधीच आले होते. “स्टिक वलीत ठिवू नगंस,” एवढंच म्हणाले. बाबगोंडा खिडकीतून “साहेब, साहेब” करत होता, पण गाडीच्या आवाजात पुढचं ऐकू आलं नाही.

कचेरी सुटल्यावर मी घरी आलो तर बायको म्हणाली, “हवालदारांकडे जाऊन या आधी.” ऊन अजून भिंतीवर होतं. हवालदार चुलीसमोर बसले होते. पिठलं झालं होतं, भाकऱ्या रचलेल्या होत्या, शेजारी दोन ताटं मांडलेली.

“एवढ्या लवकर जेवण?” मी विचारलं.

“त्येच्या घरात दिवस मावळल्यावर जेवत न्हाईत. धरम हाय त्यो. बोर्डिंगात सात वाजता ताट वाढत्यात. पोरगं उपाशी निजायचं, सांगायचं न्हाई. मला मैन्यानं कळलं. तवापासनं खेळाआधी हितंच वाढत हुतो.” ते भाकरीकडे बघत होते. “आज चुकून दोघांचं केलं.”

पलटणीत पोसलेला हा माणूस मटणासाठी जीव टाकायचा. कोपऱ्यातलं मटणाचं भांडं मी पाहिलं, त्याच्यावर धूळ होती. शेजारी एवढे दिवस हे चाललं होतं आणि मला यातलं काही कळलं नव्हतं, याची मला लाज वाटली. मी पाट ओढला आणि दुसऱ्या ताटावर बसलो. जेवलो. घरी पुन्हा जेवावं लागणार होतं, पण माझा घेर त्याला समर्थ होता.

हात धुऊन झाल्यावर त्यांनी ट्रंकेतून कागद काढला. त्यांना सहीपुरतंच लिहिता येई. “भाऊसाहेब, एक चिठ्ठी लिवा. पलटणीच्या लंगरला. सैपाकघराच्या हवालदाराला.”

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. “लंगरच्या हवालदारसाहेबास रामराम. बाबगोंडा पाटील नावाचा नवा रंगरूट आला हाय. त्याला दिवस मावळायच्या आत वाढावं. उशीर झाला तर पोरगं मागनार न्हाई, बुजरं हाय. तसंच उपाशी निजंल. तवा तुमीच हाक मारून बसवावं, ही इनंती.”

“खाली काय घालू?” मी विचारलं. “हवालदार रंगराव, पेन्शनर?”

“नगं. माज्या नावाला आता तितं काय किंमत न्हाई.” त्यांनी ट्रंकेचं झाकण लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “लिवा, ‘पोराचा आजा’.” आणि लगेच विचारलं, “चालंल न्हवं, भाऊसाहेब?”

“चालेल की,” मी म्हणालो आणि लिहिलं. अक्षर जरा मोठंच काढलं, लंगरच्या धुरातही वाचता यावं म्हणून.