दत्तूअण्णांचं पेटंट

दत्तूअण्णा आठल्यांकडे चहासुद्धा झाकून येई. कपावर बशी आणि बशीवर पंचा. चहात काय घातलंय असं विचारलं, की अण्णा आधी दाराकडे बघत, मग खिडकीकडे, आणि आवाज उतरवून म्हणत, "आतली वस्तू आहे. पेटंट घ्यायचंय." चहात आलं घातलेलं असे. ते वासावरून पलीकडच्या आळीतही कळत असे.

आमची घरं शेजारी, मध्ये फक्त चिऱ्यांचा गडगा. मी शाळामास्तर आणि अण्णा संशोधक. पावस गावी त्यांची आंब्याच्या कलमांची बाग होती. आंबे घर चालवीत आणि अण्णा शोध लावीत, अशी कामाची वाटणी होती. मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती. मुंबईहून आगबोटीने विलायती साबण आणि दंतमंजनं मांडवी बंदरात उतरत. ती बघून अण्णांचं पित्त खवळे. कोकणात काय कमी आहे, असं ते विचारीत. काहीच कमी नव्हतं, हेच आळीचं दुर्दैव.

पहिला शोध उंडीच्या बियांच्या, दिव्यात जाळायच्या तेलाचा साबण. त्याने कपड्यांचा मळ जाई, पण साबणाचा वास जात नसे. तो लावून मी शाळेत गेलो, तर सगळा वर्ग मागच्या दोन बाकांवर बसला. मग आलं काजूच्या टरफलांचं दंतमंजन. त्या टरफलांचं तेल अंगाला लागलं की फोड येतात, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण शेंबड्या पोरांना रसायनशास्त्र कुठे येतं? समोरच्या बापूसाहेब वकिलांनी मोठ्या विश्वासाने ते दातांना चोळलं. पुढे आठवडाभर त्यांना तोंड उघडता येईना, आणि त्यांचे अशील खटले जिंकू लागले. तिसरा शोध वैद्यकातला. बंबाला रबरी नळी जोडून अण्णांनी दम्यासाठी वाफाऱ्याचं यंत्र केलं आणि ते शास्त्रीबुवांना लावलं. शास्त्रीबुवा म्हणजे आळीचा धर्म सांभाळणारे गृहस्थ. त्यांचा दमा होता तिथेच राहिला, नाक तेवढं भाजलं.

ओठांची सूज उतरल्यावर बापूसाहेबांनीच अण्णांना पेटंट म्हणजे काय ते समजावलं. कलकत्त्याच्या कचेरीत आत काय काय घातलं आहे ते सगळं लिहून द्यावं लागतं, आणि मग ते कुणालाही वाचायला खुलं असतं. अण्णा हादरले.

"सगळं उघडं करायचं, तर पेटंट कसलं?"

"उलट आहे, अण्णा," बापूसाहेब म्हणाले. "पेटंट झालं की झाकायचं कारणच उरत नाही. वस्तू चारचौघांत उघडी ठेवा, हात लावायची कुणाची छाती नाही."

त्या दिवशी अण्णांकडचा चहा न झाकता आला. ही आळीच्या इतिहासातली पहिलीच वेळ.

त्यानंतर त्यांनी केशवर्धक तेल काढलं. इथे त्यांच्या बहिणीबद्दल सांगायला हवं. यमूताई चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, तेव्हापासून ती त्याच घरात होती. अंगावर लाल आलवण आणि डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला पदर. दर पंधरवड्याला न्हावी मागल्या दारी येई. पुढच्या ओटीवर केस वाढवायचा कारखाना आणि मागच्या पडवीत केस उतरवायचा, हा विनोद आळीतल्या प्रत्येकाने एकेकदा करून घेतला. यमूताई तो ऐके आणि विहिरीचं पाणी ओढत राही.

तेल झालं, पण डोकं मिळेना. बापूसाहेबांना चांगलं ऐसपैस टक्कल होतं, पण अण्णा दिसले की ते रस्ता बदलू लागले. शेवटी अण्णांनी शास्त्रीबुवांच्या ओटीवर, माणसं जमलेली असताना, जाहीर केलं की प्रयोगाला लागणारं डोकं घरातच आहे. यमूवर प्रयोग होणार, आणि तो संपेपर्यंत न्हावी येणार नाही.

"दत्तू, हे शास्त्राला धरून नाही," शास्त्रीबुवा म्हणाले.

"शास्त्राला धरूनच आहे, बुवा. रसायनशास्त्राला."

दुसऱ्या कुणी असं काही केलं असतं, तर त्याला वाळीत टाकलं असतं. पण अण्णांच्या तेलाने केस येतील ही भीती आळीत कुणालाच नव्हती. त्यांचा आजवर कुठला शोध लागू पडला होता? शास्त्रीबुवांनी नाक चोळलं आणि कर बाबा, होऊन होऊन काय होणार, असं म्हणून परवानगी दिली.

केस आले.

प्रयोग कधी संपणार, असं शास्त्रीबुवा विचारू लागले. निष्कर्ष अजून निघायचा आहे, असं अण्णा सांगू लागले. पावसाळा गेला, आंब्याला मोहर आला, निष्कर्ष काही निघेना. मला मात्र तेलाचं खरंच नवल वाटू लागलं. एकदा गडग्यावरून मी यमूताईकडे आमच्या घरासाठी एक बाटली मागितली. ती हसली. इतक्या वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"ते मेलं तेल कोण लावतंय, भाऊ? वासानं डोकं उठतं. मी जास्वंदीच्या मुळाशी ओतते."

त्यांची जास्वंद का वाळली, ते मला तेव्हा कळलं.

मी तडक अण्णांना गाठलं आणि आतली वस्तू कोणती ते विचारलं. त्यांनी सवयीने दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.

"न्हावी आला नाही की केस येतात, मास्तर. एवढीच वस्तू." मग बराच वेळ ते पंच्याची घडी घालत बसले. "न्हाव्याच्या पहिल्या खेपेला तिचे हात मी धरले होते. वडील म्हणाले धर, मी धरले. चांगला घोड्याएवढा होतो. ती माझ्याकडेच बघत होती."

मला एरवी अण्णांची थट्टा सुचायला वेळ लागत नसे. त्या दिवशी मी उठून घरी आलो.

शिमग्याला पालखी आळीत आली. ढोल वाजत होते, शास्त्रीबुवांसकट सगळी आळी रस्त्यावर होती. यमूताई आठल्यांच्या पायरीवर, दाराला टेकून उभी होती. खाडीकडून वारा सुटला आणि तिचा पदर खांद्यावर आला. मानेपर्यंत वाढलेले, नीट विंचरलेले काळेभोर केस सगळ्यांनी पाहिले. शास्त्रीबुवा डोळे मोठे करून बघत राहिले. यमूताईचा हात घाईने पदराकडे गेला.

अण्णा तिच्या शेजारीच उभे होते.

"राहू दे गो," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "त्याचं पेटंट झालं. आता झाकायचं नसतं."

यमूताईने हात खाली घेतला.