आई, चौथा मजला, काम अपूर्ण

"एक ओळसुद्धा कोड न लिहिता," पंतोजींनी जाहीर केलं, "मी आपल्या कॅलेंडरची डेटा वेअरहाऊसशी सोयरीक जुळवली आहे."

हे वाक्य त्यांनी सकाळपासून भेटेल त्याला ऐकवलं होतं. पहिली श्रोती बायको. ती म्हणाली, "छान. आता गॅसची शेगडी लागत नाहीये तेवढी बघा." पण कौतुकाच्या बाबतीत पंतोजी स्वावलंबी होते. दुसऱ्याने केलं नाही तर ते स्वतःच करून घेत.

ते काही खरे पंतोजी नव्हेत. लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत कुठला मेकॅनिक कधी कुठे जाणार, हे ठरवायचं काम त्यांच्याकडे. पण कुणी नुसतं पेन मागितलं, तरी ते आधी पेन कसं धरावं ते समजावत आणि मग पेन देत, म्हणून हे नाव पडलं. त्यांना ते आवडायचंही.

तर आजवर मेकॅनिकांच्या फेऱ्या असायच्या कॅलेंडरात, आणि ग्राहक, पत्ते, तक्रारी ही बाकीची माहिती क्लाउडवरच्या एका भल्यामोठ्या कोठारात. तेच ते डेटा वेअरहाऊस. दोघांची तोंडं दोन दिशांना. कुणाकडे किती वेळा गेलो असं मालकीणबाईंनी, म्हणजे मॅडमनी, विचारलं की पंतोजी दोन दोन दिवस मान मोडून मोजत बसत. आता ते संपलं. आता पडद्यावर चौकोन ओढायचे, बाणांनी एकमेकांना जोडायचे, बाकी सगळं आपोआप. पहिला चौकोन कॅलेंडरातली नोंद उचलायचा. दुसरा ती कोठारात नेऊन ठेवायचा, आणि त्या नावाचा ग्राहक तिथे नसला तर नवा तयार करायचा. तिसरा चौकोन म्हणजे पंतोजींची खास करामत. एखाद्याकडे दहाच्या वर फेऱ्या होऊनही काम अपूर्ण असेल, तर तो ते काम लाल करून पत्त्यासकट थेट वस्तादांच्या फोनवर धाडायचा. वस्ताद म्हणजे कंपनीतले सगळ्यात जुने मेकॅनिक. ते गेले की लिफ्ट निमूट चालू होते, असा लौकिक होता.

सगळं जुळल्यावर यंत्राने शेवटी विचारलं होतं, कोणकोणती कॅलेंडरं घेऊ? काम अर्धवट सोडणं पंतोजींच्या रक्तात नाही. त्यांनी "सर्व" वर टिचकी मारली आणि स्वतःच्या पाठीवर, हात पोचला तिथवर, थाप दिली.

आता ऑफिसात कुणालाच ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगायला हवी. पंतोजींची आई दोन गल्ल्या पलीकडे चौथ्या मजल्यावर एकटी राहायची, आणि तिच्या इमारतीची लिफ्ट कित्येक महिने बंद होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. देखभाल करणाऱ्या जुन्या कंपनीने गाशा गुंडाळला होता, नवी कोणती आणायची यावर रहिवाशांचं एकमत होत नव्हतं, आणि पंतोजी काही आपल्या कंपनीचं नाव घेईनात. उद्या कुणी म्हणालं, हा आपलंच घोडं पुढे दामटतोय, तर? बरं, वस्तादांना खासगीत बोलवावं, तर त्यांचे उपकार होणार. उपकार म्हटलं की पंतोजींच्या अंगावर काटा यायचा. त्यापेक्षा ते रोज संध्याकाळी स्वतः जात, दुखऱ्या गुडघ्यांच्या आईला हाताला धरून खाली बागेत नेत आणि परत वर आणून सोडत. त्यांच्या विसरभोळेपणावर उपाय म्हणून बायकोने घरच्या कॅलेंडरात रोजच्या नोंदी करून ठेवल्या होत्या. आई, चौथा मजला, खाली नेणे. आई, चौथा मजला, वर आणणे. पत्ता टाकायची शिस्तही बायकोचीच. आणि "सर्व" मध्ये घरचं कॅलेंडरही येतं, हे पंतोजींच्या गावीही नव्हतं.

सोमवारच्या मीटिंगला झाडून सगळे हजर होते. पंतोजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी कळ दाबली आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ग्राहकांच्या नावांपुढे रंगीत पट्ट्या सरसर उमटल्या. बहुतेक पट्ट्या बोटभर लांबीच्या. एक मात्र पडद्याच्या पार कडेला जाऊन टेकली होती.

"ही आई कोण?" मॅडमनी विचारलं.

पंतोजींच्या तोंडचं पाणी पळालं. ते काही बोलणार, एवढ्यात विक्रीवाला सरसावून बसला. मोठा ग्राहक दिसला की तो आपणच आणला म्हणायचं, ही त्याची जुनी खोड.

"माझीच ओळख, मॅडम," तो म्हणाला. "जुनं नातं आहे. फार मागे लागून मिळवलंय."

"रोज दोन फेऱ्या? सुट्टीच्या दिवशीसुद्धा?" मॅडम पडद्याजवळ गेल्या. "चौथ्या मजल्यावर अडकते, आपण हाताने खाली घेतो, हे समजलं. पण पुन्हा वर कशाला नेतो?"

"त्यांचा तसा आग्रहच असतो," विक्रीवाल्याने ठोकून दिलं.

"आणि नेतं कोण? पंतोजी, इथे तुमचं नाव आहे. ऑफिस सुटल्यावर तुम्ही स्वतः जाता?"

"हो. म्हणजे, जावंच लागतं."

मागच्या खुर्चीवरून वस्तादांनी विचारलं, "एकट्याने हाताने खाली घेता? वजन किती आहे?"

"साठेक किलो," पंतोजींच्या तोंडून निसटलं.

"फारच हलकी. जुनी आहे?"

"बहात्तर वर्षं."

दोघातिघांनी आदराने पडद्याकडे वळून पाहिलं. वस्तादांनी तर कपाळाला हात लावला. "बहात्तर वर्षांची, आणि अजून चालते?"

"चालते. पण कुरकुरते," पंतोजी प्रामाणिकपणे म्हणाले.

मॅडम सगळ्यांकडे वळल्या. "बघा. मेकॅनिक नसलेला माणूस रोज स्वतः जातो, आणि कुणाकडे अवाक्षरही काढत नाही. कामावरची निष्ठा म्हणतात ती ही." टाळ्या पडल्या. खरं सांगायची वेळ हीच होती. पंतोजींनी तोंडही उघडलं, पण आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या टाळ्या वाट्याला आलेल्या, त्या परत कशा करायच्या हे काही त्यांना सुचेना. त्यांनी नम्रपणे मान लववली.

तेवढ्यात तिसऱ्या चौकोनाने आपलं काम केलं. पट्टी लाल झाली आणि वस्तादांचा फोन वाजला.

"पत्ता आला," वस्ताद उठले. "इथून जवळच आहे की. बघतोच आता त्या म्हातारीकडे."

दहा मिनिटांनी पंतोजी पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर पळाले आणि त्यांनी आईला फोन लावला.

"आई, एक माणूस गाडी घेऊन येईल. त्याला सांग, इथे कुणी आई राहत नाही."

"असं कसं सांगू? मी राहते की."

"अगं, एवढं एक ऐक. माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे."

"तुझ्या इज्जतीसाठी मी खोटं बोलू? आणि थांब, बेल वाजतेय." फोन बंद झाला.

मीटिंग संपून पंतोजी धापा टाकत इमारतीत पोचले, तेव्हा जिन्यातच सगळी इमारत जमली होती. महिनोन् महिने भांडणारे रहिवासी एका सुरात वस्तादांना सल्ले देत होते. आई चौथ्या मजल्यावर खुर्ची टाकून देखरेख करत होती.

वस्तादांनी एक झिजलेला खटका पंतोजींसमोर धरला. "दाराचा आहे. दार लागलंय हे लिफ्टला कळतच नव्हतं. अर्ध्या तासाचं काम." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुमच्या आई आहेत, हे एका शब्दाने बोलला असतात तर?"

"उगाच तुमच्यावर भार..."

"म्हणजे इतकी वर्षं एकत्र काम करून आम्ही परकेच," वस्ताद म्हणाले, आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं.

"तसाच आहे तो, लहानपणापासून," आई म्हणाली. "पण काय रे, मान तुझी ताठ, मग पायऱ्या माझ्या गुडघ्यांनी का चढायच्या?"

आईने इतके महिने हे पोटात ठेवलं, याची पंतोजींना मनापासून लाज वाटली.

लिफ्ट सुरू झाली. आई काहीही काम नसताना तीनदा खाली जाऊन वर आली आणि प्रत्येक मजल्यावर दार उघडून शेजाऱ्यांना सांगत राहिली, "माझ्या मुलाने केलं. एक ओळसुद्धा न लिहिता." हे ऐकताच पंतोजींची लाज ओसरली आणि छाती पूर्ववत फुगली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना सगळं सांगून टाकलं. मॅडम डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. इमारतीच्या देखभालीचं काम कंपनीलाच मिळालं होतं, त्यामुळे रागवायला जागा नव्हती. आई आता खरोखरची ग्राहक झाली. पंतोजींनी घरचं कॅलेंडर जोडणीतून काढलं, आणि आता लिफ्ट चालू आहेच तर नोंदी हव्यात कशाला, म्हणून आईच्या रोजच्या नोंदीही पुसून टाकल्या. मोकळ्या झालेल्या संध्याकाळी त्यांनी चौथा चौकोन बनवला. काम झालं की ग्राहकाकडून अभिप्राय मागवायचा, तो पडद्यावर दाखवायचा, आणि ग्राहक नाराज असेल तर काम पुन्हा लाल करून, आजवर तिथे सर्वाधिक फेऱ्या ज्याने मारल्या त्याच्या कॅलेंडरात टाकायचं.

पुढच्या सोमवारी त्यांनी पुन्हा इस्त्रीचा शर्ट घातला. पडद्यावर पहिलाच अभिप्राय आला, आणि मॅडमनी तो मोठ्याने वाचला.

"लिफ्ट उत्तम, पाच तारे. वस्ताद देवमाणूस, त्यांनाही पाच. तक्रार एकच. लिफ्ट बंद होती तेव्हा मुलगा रोज यायचा. दर मजल्यावर दम खायला थांबायचो, तेव्हा गप्पा व्हायच्या. लिफ्ट सुरू झाल्यापासून तो फिरकलेला नाही. जमल्यास लिफ्ट परत बंद करून द्यावी."

विक्रीवाला हळूच म्हणाला, "मी सांगितलं होतं, जुनं नातं आहे."

पट्टी लाल झाली. पंतोजींच्या खिशात फोन थरथरला. तो काढून बघायची गरज नव्हती, कारण भिंतीवर हातभर अक्षरात उमटलंच होतं: आई, चौथा मजला, काम अपूर्ण. जाणार, पंतोजी. आज संध्याकाळी.

"पंतोजी," मॅडम म्हणाल्या, "जोडणी अगदी चोख चालते हो तुमची."

"हो," पंतोजी बुटांकडे बघत म्हणाले. "कोड न लिहिता."