तुम्ही या जाऊन

जगात एवढे देश असताना दामिनीने तुर्कमेनिस्तान निवडला, याचं कारण तिच्या मते अगदी शास्त्रीय होतं. तिथे नातेवाईक येऊ शकत नव्हते.

म्हणजे तसा नियम कुठे छापलेला नव्हता. पण त्या देशात जायचं तर आधी तिथल्या सरकारच्या परवानगीचं निमंत्रणपत्र लागतं. ते एकेका माणसाच्या नावाने मिळतं, कधी कधी कारण न सांगता नाकारलं जातं, आणि पोचल्यावर गाईडशिवाय फारसं हलता येत नाही. व्हॉट्सॲपही चालत नाही. इतर लोक हे वाचून दुसरा देश शोधतात. दामिनीने वाचलं आणि तिला माहेरी आल्यासारखं वाटलं.

शिवाय तिथल्या वाळवंटात दरवाजा नावाच्या जागी एक अवाढव्य खड्डा आहे. जमिनीतून मिथेन वर येतो आणि पन्नासेक वर्षं तो तिथे जळतो आहे. अलीकडे जाळ कमी होत चाललाय, असंही तिने वाचलं होतं. नंदुरबारच्या कनिष्ठ महाविद्यालयात आयुष्यभर मिथेन फळ्यावरच जाळलेल्या बाईला तो विझायच्या आत पाहायचा होता. आणि नवऱ्याबरोबर पाहायचा होता. फक्त नवऱ्याबरोबर.

ही मागणी काही फार नव्हती. पण लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तरी ती दोघं दोघंच अशी कुठेही गेली नव्हती. लग्नानंतर तोरणमाळला गेली ती भरलेल्या क्रुझर जीपमधून. तलावाकाठच्या फोटोत दोघांच्या मधोमध नणंद बसलेली आहे आणि ती मक्याचं कणीस खाते आहे.

दोष नवऱ्याच्या, म्हणजे हेमकांतच्या जिभेचा होता. त्यांच्या गावात, रनाळ्यात, रीत अशी, की कुठेही निघालं की भेटेल त्याला ‘चला ना’ म्हणायचं आणि त्याने ‘नको, तुम्ही या जाऊन’ म्हणायचं. यात कोणाला जायचं नसतं, न्यायचंही नसतं. पण हेमकांत ‘चला ना’ इतक्या जिव्हाळ्याने म्हणायचा, की समोरच्याला नाही म्हणणं म्हणजे त्याला दुखावणं वाटायचं.

“या वेळी कोणालाही विचारायचं नाही,” दामिनी म्हणाली.

“अगं, न विचारता गेलो तर लोक काय म्हणतील? वरवर विचारू. तो देश तसाही कोणाला घेत नाही, तूच म्हणालीस.”

दामिनीने विचार केला. युक्तिवादात तिला दोष सापडला नाही. प्रयोगशाळेतले बहुतेक अपघात असेच होतात.

हेमकांतने पहिला फोन लावला भिकुबाईला, म्हणजे कणीसवाल्या नणंदेला.

“आक्का, आम्ही परदेशमा जाई ऱ्हायनूत. चाल ना तू बी.”

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. मग भिकुबाई म्हणाली, “कव्हय निंघानं शे?”

तिच्याकडे पासपोर्ट होता. लेकीच्या बाळंतपणाला कॅनडाला जायचं म्हणून काढलेला. लेक बाळंतपणाला माहेरीच आली आणि पासपोर्ट कपाटात कोरा राहिला. ही सल भिकुबाईच्या मनात इतकी वर्षं होती. हेमकांतने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

दुसरा फोन साडूला, नवापूरच्या नवनीतला. त्याच्या कोंबड्यांच्या शेड होत्या आणि दुबईला जाऊन आल्यापासून तो प्रत्येक लग्नात उंटावरचा फोटो दाखवत असे. त्याने एवढंच विचारलं, “हेमकांतभाऊ, तठे थंडी का गरमी? स्वेटर लेवानं का नही?” मागून त्याची बायको कामिनी, दामिनीची सख्खी बहीण, ओरडून सांगत होती की ती शेव आणि मिरचीचा ठेचा बनवून आणेल.

आठवडाभरात दामिनीच्या टेबलावर त्या दोघांचे धरून पाच पासपोर्ट जमा झाले.

“अहो, हे काय?”

“कोणालाच परवानगी मिळणार नाही,” हेमकांत म्हणाला. “आपण नाही म्हणण्यापेक्षा सरकारने म्हटलेलं बरं. वाईटपणा त्यांना.”

नंदुरबारचा एजंट मिथुन मात्र खूश झाला. “मॅडम, दोघंच गेले असते तर त्यांना संशय आला असता. घोळका बघितला की सरकार निर्धास्त होतं.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “फक्त एक करा. व्यवसाय गृहिणी लिहा, आणि कारण स्थळदर्शन.”

“पण मी गृहिणी नाही.”

“मॅडम, भिकुबाईंनी कारणात नुसतं ‘फिरणे’ लिहिलंय. किती छान वाटतं वाचायला.”

दामिनीने जन्मात खोटं निरीक्षण नोंदवलं नव्हतं. तिने व्यवसाय लिहिला रसायनशास्त्राची अध्यापिका, आणि कारण लिहिलं: दरवाजा येथील मिथेनच्या दीर्घकालीन ज्वलनाचे निरीक्षण. मिथुनने ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

इकडे रनाळ्याच्या चौकात फलक लागला. परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा. मधोमध हेमकांत आणि दामिनी विमानाएवढे, मागे विमान त्यांच्या कानाएवढं, आणि कडेने बाकीची मंडळी पोस्टाच्या तिकिटावरच्या चित्रांसारखी. खर्च नवनीतचा, त्यामुळे कोपऱ्यात एक कोंबडीही होती.

मग उत्तर आलं. मिथुन स्वतः घरी आला, तेव्हाच दामिनीने ओळखलं.

“सगळ्यांना मिळाली,” तो म्हणाला. “भिकुबाईंना तर सगळ्यात आधी. फक्त मॅडम, तुमची नाही आली.”

“कारण?”

“कारण ते सांगत नाहीत,” मिथुन म्हणाला, पण बोलताना तो जमिनीकडे बघत होता.

घरात एकदम गर्दी झाली. भिकुबाईने पदर डोळ्याला लावला. “तुन्हाशिवाय आम्ही कसं जावानं?” नवनीत म्हणाला, “दामिनीताई, तुम्ही म्हणाल तर रद्द करू सगळं.” आणि सगळे तिच्याकडे बघत राहिले, कारण आता तिची पाळी होती. तिने रीतीप्रमाणे म्हटलं, “नको, तुम्ही या जाऊन.”

“मंग ठीक शे,” भिकुबाई म्हणाली आणि पदर खाली आला.

सगळे गेल्यावर दामिनी हेमकांतला म्हणाली, “तुम्हीही या जाऊन.” हेही तिने रीतीप्रमाणेच म्हटलं. पण या घराण्यात रीतीचं काय होतं ते ठाऊक असल्यामुळे तिचा जीव टांगणीला लागला.

हेमकांतने सुपारी कातरायला घेतली. मग म्हणाला, “आक्का, नवनीत आणि कामिनी. गाईडला सोडून कुठे जाता येणार नाही. फोन नाही. गाडीतून उतरायची सोय नाही.” त्याने अडकित्ता खाली ठेवला. “मला तोरणमाळ आठवतंय. मी नाही जात.”

मंडळी गेली. दिल्लीच्या विमानतळावरून भिकुबाईचा शेवटचा निरोप आला, “दामिनी, तुन्हा खड्डाना फोटो काढी लयसू.” त्यानंतर कुटुंबाच्या ग्रुपवर शांतता पसरली. सकाळचे सुविचार बंद. फुलांचे गुच्छ बंद. आणि चौकातला फलक तसाच होता, त्यामुळे सारं रनाळे समजत होतं की हेमकांत आणि दामिनी परदेशात आहेत. कोणी दार वाजवेना. दोघंही पुढचं दार लावून मागच्या अंगणात राहायला लागली, सुट्टी मंजूर झालेलीच होती.

दुसऱ्या संध्याकाळी हेमकांतने गोबरगॅसची नळी ओढून शेगडी अंगणात आणली आणि वर हिरवं वांगं ठेवलं. निळा जाळ फुरफुरू लागला.

“तोच ना गं वायू?”

“निम्म्याहून जास्त तोच,” दामिनी म्हणाली. “बाकी बराचसा कार्बन डायऑक्साईड.”

“म्हणजे निम्मा तुर्कमेनिस्तान झाला.”

ती हसली. वांग्याची साल तडकली. बोलायला काही नव्हतं आणि मध्ये कणीस खाणारं कोणी नव्हतं. पंचवीस वर्षांनी का होईना, प्रयोग यशस्वी झाला होता.

तेवढ्यात कुंपणावरून एक काठी दिसली, आणि तिच्यामागून शेजारचे धुडकूआप्पा.

“हेमकांत? तू तं परदेशमा शे ना रे? चौकमा फोटो शे तुन्हा. माले वाटनं घरमा चोर घुसना.” मग त्यांनी हवा हुंगली. “भरीत शे का?”

हेमकांतचं तोंड उघडलं. ‘या ना, बसा’ जिभेवर आलेलं दामिनीला स्पष्ट दिसलं. तिने फक्त त्याच्याकडे पाहिलं.

हेमकांतने वांगं उलटलं. “वांगं कच्चं शे अजून, आप्पा,” तो म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कोणाला बोलावलं नव्हतं. वाळवंटातल्या जळत्या खड्ड्यापेक्षा हे दृश्य दुर्मिळ आहे, याची दामिनीने मनात नोंद केली.

धुडकूआप्पांनी कुंपणाचं फाटक ढकललं, चपला काढल्या आणि शेगडीपाशी मांडी घातली.

“काही घाई नही,” ते म्हणाले. “शिजस तवलगुन बसस मी.”