हमीद मिस्त्रींच्या फळ्यांची पाठ

हमीद मिस्त्रींनी मला फसवलं. चार दिवसांचं काम सांगून चौदा दिवस लावले. सहा फळ्यांसाठी!

सुकापूरला फरशांचं दुकान मी शून्यातून उभं केलंय. घासाघीस केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नाही. विचुंब्याच्या नव्या घरात भिंतीतल्या कपाटाच्या पाठीला आतून सागवानी फळ्या लावायच्या होत्या. मी म्हणालो, "चार स्क्रू मारा आणि दोन दिवसांत संपवा."

मिस्त्रींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "शेठ, तुमची हाडं वरून दिसतात काय? मग माजा स्क्रू का दिसावा?"

त्यांची पद्धत अशी: कपाटाला तिरक्या कापाची एक पट्टी, फळीच्या पाठीला उलट्या कापाची दुसरी. फळी वरून खाली सरकवली की पट्ट्या एकमेकींत अडकतात. बाहेरून खिळा नाही, भोक नाही. इथवर ठीक. पण फळी बसवायची वेळ आली की मिस्त्री सगळ्यांना खोलीबाहेर काढायचे आणि आतून कडी लावायचे. अर्धा अर्धा तास! मी दार बडवायचो. आतून आवाज यायचा, "बोंबलू नका शेठ, लाकूड बिथरतं."

चहाला मात्र लगेच बाहेर. बशीत ओतून, फुंकर मारत मस्कतच्या गोष्टी. वीस वर्षं तिथे सुतारकाम केलं आणि दर शुक्रवारी बायकोला पत्र लिहिलं. "सकीनाला सगळं कळवायचो. मालक कसा, जेवण कसं. तिनं एकूण एक पत्र जपलेलं." सकीनाभाभी दोन वर्षांपूर्वी गेल्या. एवढं बोलून मिस्त्री बशी ठेवायचे आणि उठायचे. "चला, लाकूड वाट बगतंय."

माझा संशय पक्का होता: दार लावून हा माणूस सागवानाच्या मागे काहीतरी हलकं दडपतोय. चौदाव्या दिवशी ते गेल्या गेल्या मी शेवटची फळी दोन्ही हातांनी वर रेटली. निघाली. पाठही अस्सल सागवानाची. आणि पट्टीच्या खाली पेन्सिलीनं, शाळेत गिरवल्यासारखं सुबक अक्षर:

"सकीना, विचुंब्याचं काम आज संपलं. लांबवत लांबवत चौदा दिवस नेलं. मालक ओरडतो फार, पण चहा स्वतः आणून देतो. उद्या कुठं जायचं ठरलं नाय. घरी बसवत नाय."

फळी छातीशी धरून मी बराच वेळ उभा राहिलो. मग राग आला. बाकीच्या पाच फळ्यांच्या पाठीवरही असंच काही लिहिलेलं असणार, पण त्या जागच्या हलेनात. त्यांना कुठेतरी आणखी एक छुपी अडकण असणार. माझ्याच घरात माझ्याबद्दल लिहिलंय आणि मलाच वाचता येत नाही! वर ही निघालेली फळी काही केल्या परत बसेना.

फोन लावला. "मिस्त्री, फळी निघाली."

पलीकडून हळूच आवाज आला, "वाचलंत?"

"फळी बसवायला या. स्वयंपाकघरातलं कपाटही उघडंच पडलंय."

"येतो की. चार दिवसांचं काम हाय."

"पुन्हा फसवताय? चौदा लागतात! उद्या नऊला चहा तयार असेल. पण आधी त्या पाच फळ्यांवर माझ्याबद्दल काय काय लिहिलंय, त्याचा जबाब द्या!"