मुलांना ठेवण्यास हरकत नसावी

बोरीच्या पुढे एका वाडीवर दोन खोल्यांची शाळा आहे आणि शिवकन्याबाई तिथल्या एकमेव शिक्षिका आहेत. दिवाळी झाली की वाडीवरचे आईबाप ऊसतोडीला जातात. त्यांची मुलं मागे राहून शिकावीत म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. त्याची मंजुरी दरवर्षी नव्याने घ्यावी लागते, आणि यंदा प्रस्ताव फक्त इंग्रजीतच स्वीकारले जातील असं परिपत्रक आलं होतं.

एकोणीस मुलं गावात राहू शकतात, असं लिहिताना बाईंनी ‘कॅन’ वापरलं. तालुक्याच्या शिक्षण कार्यालयातल्या वैजीनाथ साहेबांनी त्याखाली लाल रेघ ओढली.

“बाई, कॅन म्हंजे क्षमता. पोरं राहू शकतेत याला पुरावा काय? परतेकाचा डॉक्टरचा दाखला जोडा.”

एकोणीस दाखल्यांपेक्षा एक शब्द बदलणं सोपं, म्हणून बाईंनी ‘मे’ केलं. आठ दिवसांनी कागद परत आला. ‘मे’ म्हणजे शक्यता, आणि निव्वळ शक्यतेला धान्य देण्याची तरतूद नाही, असा शेरा होता. ‘शुड’ लिहिल्यावर कनिष्ठाने वरिष्ठांस सल्ला दिल्याबद्दल खुलासा मागवला गेला. ‘मस्ट’ तर बाईंनी रागाच्या भरात लिहिलं होतं, त्यावर सरळ नोटीस आली.

इकडे चौथीतल्या अर्पिताची आई दैवशाला रोज शाळेच्या दारात उभी.

“बाई, सोमवारी मुकादमाची गाडी यायलीय. पोरीला ठिवून जाऊ का संगं नेऊ, तेवढं सांगा की. तिचं गाठोडं मी अजून बांधलं न्हाई.”

“थांब गं जरा, कागद वर गेलाय.”

“त्या कागदाला माझ्या पोरीचं नाव तरी ठाव हाय का?”

बाई तडक कार्यालयात गेल्या. “साहेब, बरोबर शब्द कोणता ते तुम्हीच सांगा, मी लिहिते.”

साहेबांनी चष्मा काढला. “ते आमालाबी ठाव न्हाई, बाई. आमाला फक्त चूक कळती.”

मात्र शंका रास्त असल्याने त्यांनी ती वर कळवली, आणि वरून कधी नव्हे इतक्या तत्परतेने तोडगा आला. सर्व शिक्षकांना योग्य सहायक क्रियापद निवडण्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण. सोमवार आणि मंगळवार. उपस्थिती सक्तीची.

सोमवारी बाईंनी गटात बसून चार्टपेपरवर विनंतीचे सात प्रकार रंगवले. पोहे झाले, फोटो झाले. मोबाइल दारातल्या खोक्यात जमा होते. संध्याकाळी तो हातात आला तेव्हा दैवशालाचे अकरा फोन येऊन गेले होते. बाईंनी लावला, तर तो बंद होता.

बुधवारी वर्गात तीन पोरं होती. दुपारी मंजुरीही आली, चक्क मराठीत: ‘मुलांना ठेवण्यास हरकत नसावी. एकोणीस मुलांचा जेवतानाचा फोटो आजच पाठवावा.’ बाई अर्पिताच्या जागेवर बसल्या आणि रडल्या.

ही हकिगत मी बऱ्याच शिकल्यासवरलेल्या लोकांना सांगितली. ऐकून सगळे हळहळले, आणि मग प्रत्येकाने विचारलं, “पण बरोबर क्रियापद कोणतं होतं?” अर्पिता उसाच्या कुठल्या फडात आहे, हे अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्हीही मघापासून मनातल्या मनात क्रियापदच शोधत होतात.